राणी तांदूळ निवडत होती

"थांब. तिथून पुन्हा म्हण," द्वारकाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा म्हटलं. सोनाई दाईला राजवाड्यातून निरोप मिळालाय. ती आपलं गाठोडं बांधतेय, आणि बांधता बांधता तिच्या हाताला राजपुत्राचं तान्हेपणीचं झबलं लागतं. ती ते नाकाशी नेते. इथं थांबायचं. हातातल्या चिपळ्या मिटायच्या, मान डावीकडं वळवायची, पदराचं टोक आधी डाव्या डोळ्याला लावायचं, मग उजव्या. पेटीवर गजाअण्णांनी तेवढा वेळ नुसता षड्ज धरून ठेवायचा. मग एक खोल श्वास, आणि जरा घोगऱ्या आवाजात "तर श्रोतेहो" म्हणून पुढं निघायचं.

मी सगळं हुबेहूब केलं, घोगऱ्या आवाजासकट. मनात म्हटलं, आता तरी बाईंच्या तोंडून शाब्बास निघणार.

बाई उठल्या. "हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की."

"मी? मी हे तुला कधी शिकवलं?"

त्या आत गेल्या आणि माजघराचं दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. अण्णांनी पेटीचा भाता हळूच मिटला.

द्वारकाबाई टेंभेकर कोण, हे आमच्या भिलवडीच्या पंचक्रोशीत कुणाला सांगावं लागत नसे. बाईमाणसानं कीर्तनाला उभं राहायचं म्हटलं की लोक नाकं मुरडायचे, त्या काळात त्या वडिलांच्या गादीवर उभ्या राहिल्या. नवरा तरुणपणीच गेलेला. दाईचं आख्यान वडिलांनीच रचलेलं, पण ते लावावं बाईंनीच. झबल्यापाशी त्या थांबल्या की सगळ्या देवळातले पदर डोळ्यांना लागायचे. लहानपणी मीही तिथं रडलेय.

आणि मी कोण? मी अनसूया. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. टाकलेली हा शब्द माझ्या तोंडावर कुणी म्हणत नसे, पाठ वळली की सगळे म्हणत. घर माणसांनी भरलेलं, पण माझ्याशी बोलणं म्हणजे काय, तर "वन्सं, दूध बघा" आणि "वन्सं, दळण संपलंय". दिवसच्या दिवस मला नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे बाई. रोज दुपारी सगळे लवंडले की मी त्यांच्याकडं जायची. त्या 'अनसूये' म्हणाल्या की मला जेवल्यासारखं व्हायचं. हसू नका, एकट्या माणसाची भूक काहीही असते.

त्या वर्षी बाईंचा दमा वाढला होता. चैत्रातल्या उत्सवात शेवटच्या दिवशीचं कीर्तन त्यांचं ठरलेलं. त्यांनी देवळाच्या वामनरावांना परस्पर सांगून टाकलं, "माझ्याऐवजी अनसूया उभी राहील." इकडं घरात वहिनीनं दुसराच बेत शिजवला होता. तिचे इचलकरंजीचे मामा अंथरुणाला खिळलेले, मामी वारलेली. त्यांचं करायला घरचं माणूस हवं होतं, आणि घरचं फुकटचं माणूस म्हणजे मी. दादा तसा पापभीरू, पण बायकोपुढं त्याची गोगलगाय व्हायची. तो एवढंच म्हणाला, "कीर्तन लोकांना पसंत पडलं, चार गावची बोलावणी आली, तर मग बघू. नाहीतर मामांकडं जा. तिथं काय तुला कुणी खाणार आहे?"

एका कीर्तनावर माझं सगळं होतं, आणि बाई आत कडी लावून बसलेल्या.

"अण्णा, माझं काय चुकलं?"

गजाअण्णा बाईंच्या वडिलांपासूनचे पेटीवाले. बोलायचे कमी. त्यांनी पेटीवर फडकं टाकलं आणि मला अंगणात नेलं.

"बाईंना एक मुलगी होती, तुला ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं.

"चंपू. नुकती बोलायला लागली होती. बाई आष्ट्याला कीर्तनाला गेल्या, पोरीला शेजारी ठेवून. ताप आला. बाई परत आल्या तर पोर नाही. त्यानंतर पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा हेच आख्यान होतं. झबल्यापाशी आल्या आणि अडकल्या. मला वाटलं, पडतात आता. मी काय करणार? सूर धरून ठेवला. लोक म्हणाले, वा, काय जागा घेतली! तेव्हापासून त्या तिथं थांबतात आणि मी तिथं सूर धरतो."

"म्हणजे ते आख्यानातलं नाही?"

"अगं, कुणी आख्यानात लिहील का ते?"

मी मटकन ओट्यावर बसले. मी ती जागा किती कष्टानं बसवली होती! घरी आरशापुढं उभी राहून, पदराचं टोक किती लांब धरायचं तेसुद्धा बघून. आणि ते बाईंचं मेलेलं लेकरू होतं.

दुसऱ्या दिवशी गेले तर बाई वाती वळत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "आधी डावा डोळा, मग उजवा. असंच करते मी?"

"हो."

"दर वेळी?"

मी मान हलवली. बाई हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"पहिल्यांदा खरं होतं गं. दुसऱ्यांदाही असेल. नंतर लोक वाट बघायला लागले आणि मीही वाट बघायला लागले. काल तू करून दाखवलंस तेव्हा मला दिसलं, माझ्या पोरीचं मी काय केलंय ते." कापूस मांडीवर तसाच राहिला होता. "ते झबलं माझं आहे, अनसूये. त्याच्या जवळून जा, पण हात लावू नकोस."

"मग मी थांबू कुठं?"

"थांबलंच पाहिजे असं कुणी सांगितलं?"

"बाई, लोक तिथं रडायला येतात! तिथं रडले नाहीत तर कीर्तन पडेल."

"पडू दे."

"पडू दे म्हणायला तुमचं काय जातंय?" माझा तोल सुटला. "तुम्ही इथं वाती वळत बसाल. मी मामांचं अंथरूण धुवत बसेन मरेपर्यंत! इतकी वर्षं तुम्ही म्हणाल तसं म्हटलं. उभं राहा म्हणालात तशी उभी राहिले. आता ऐन वेळी म्हणता, माझं परत दे. मग माझ्याजवळ राहिलं काय?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "तेच मी विचारतेय," म्हणाल्या, आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

उत्सवापर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज तालीम व्हायची. झबल्यापाशी आले की मी नुसती पुढं जायची, आणि आख्यान दात पडलेल्या तोंडासारखं वाटायचं. दुसरीकडं रडून बघितलं. राजपुत्र घोड्यावरून येतो तिथं रडले, तर अण्णांनीच तोंड वाकडं केलं. बाई काही सांगेनात. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा त्यांना कंटाळा आला असेल, असं मला वाटायचं. रात्री अंथरुणावर पडलं की इचलकरंजीचं ते कधीही न बघितलेलं घर डोळ्यांपुढं यायचं.

शेवटच्या दिवशी उन्हं कलली तसं देऊळ भरलं. लक्ष्मीनारायणापुढं एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. वहिनीही आली होती. कधी न येणारी ती आज आली, म्हणजे बेत पक्का करायलाच आली असणार. बाई पुढं खांबाला टेकून बसल्या होत्या.

पूर्वरंग झकास झाला. मी बोलत होते, पण आवाज बाईंचा, हात बाईंचे, कोट्यासुद्धा बाईंच्याच. "हुबेहूब द्वारकाबाई!" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वामनरावांनी बुक्का लावला, गळ्यात हार घातला. मग मी दाईचं आख्यान लावलं.

राणी बाळंतपणात गेली. सोनाईनं पोर वाढवलं. राजानं दुसरी राणी केली. सोनाईला निरोप मिळाला. बायका सरसावून बसल्या. मला ते वरून दिसत होतं, एकेकीनं पदर हातात घेऊन ठेवला होता. गाठोडं आलं. झबलं आलं. मी त्याच्या जवळून गेले.

पदर हातातच राहिले. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पुरुषांत चुळबुळ सुरू झाली, वामनरावांनी मनगटाकडं नजर टाकली. माझी पाचावर धारण बसली. वाटलं, गेलं सगळं. पुढचं वाक्य मला पाठ होतं, 'आणि सोनाई राजवाड्याबाहेर पडली.' तेवढं म्हटलं की राजपुत्र घोड्यावरून येणार, तिला परत नेणार, की आरती. म्हणायचं होतं तेवढंच.

पण मी म्हणाले, "सोनाई उंबऱ्याशी आली. मागं वळली. म्हणाली, येते."

हे आख्यानात नव्हतं. अण्णांनी दचकून वर बघितलं.

"राणी तांदूळ निवडत होती," मी म्हणाले.

पुरुषांत खसखस पिकली. राणी कुठं तांदूळ निवडते! मला ते हसू ऐकू आलं, पण मी काही दुरुस्त करू शकले नाही, कारण मला समोर दिसतच तसं होतं.

"सूप मांडीवर घेऊन बसली होती. खडा सापडला की तो बाजूला ठेवायची. तिनं मान वर केली नाही. राजा खिडकीशी बसून घड्याळाला किल्ली देत होता."

आता मोठ्यानं हसले. कुणीतरी म्हणालंही, "सकाळी कामावर जायचं असेल राजाला!"

"सोनाईला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती पुन्हा म्हणाली, येते हं मी. आपल्याकडं घर सोडून निघालेलं माणूस जाते म्हणत नाही, येते म्हणतं. आणि घरातल्यानं ये म्हणायचं असतं. रागानं म्हणा, तोंडदेखलं म्हणा. भिकाऱ्यालासुद्धा पुढच्या खेपेला ये म्हणतात. सोनाईनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं, कारण कुणी ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा कसा, ते तिला कळेना. ती उभी राहिली. खडा पडल्याचा आवाज येत होता. किल्ली फिरल्याचा आवाज येत होता."

आणि तिथं मी थांबले. पदर नाही, मान वळवणं नाही. चिपळ्या हातात उघड्याच होत्या. अण्णांनी सूर धरला नाही, हात पेटीवरून काढूनच घेतले. हसणारे गप्प झाले होते. बायकांच्या बाजूला कुणी पदर डोळ्यांना लावला नव्हता, सगळ्या नुसत्या बसल्या होत्या. कित्येकींनी मान खाली घातली होती. वहिनी माझ्याकडं बघत होती. इतकी वर्षं मी तिच्या घरात होते, पण तिनं मला असं कधी बघितलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. अण्णांनी राजपुत्राच्या पदाची चाल हळूच सुरू केली, घोड्याच्या टापांची. मला सावरून घ्यायला केली त्यांनी बिचाऱ्यांनी. मी मान हलवून नको म्हटलं. मला तो घोडा आणता येईना. त्या दारातून निघाल्यावर माझ्यामागं कुणी आलं नव्हतं, तर तिच्यामागं कुठून आणू?

"सोनाईनं गाठोडं उचललं," मी म्हणाले, "आणि ती चालत राहिली." आणि आरतीला सुरुवात केली.

आरती झाल्यावर वामनराव जवळ आले. "बाई, हे काय? राणी तांदूळ निवडते? राजाकडं घड्याळ? आणि राजपुत्र आलाच नाही! कीर्तनाचा शेवट मंगल असावा लागतो. लोकांनी घरी काय घेऊन जायचं? पुढच्या वर्षीचं बघू." बघू म्हणजे काय, ते मला कळलं.

मी हार काढून देवापुढं ठेवत होते तेवढ्यात मागून कुणीतरी हात धरला. अंकलखोपची कुणी पोक्त बाई होती, लेकीकडं उत्सवाला आलेली. "आमच्या गावाला याल का?" तिनं विचारलं. "मारुतीचं देऊळ आहे, लहानसं. तुमच्यासारखा मंडप नाही. पण ते राणीचं सांगा हं. तांदळाचं." दादा जवळच उभा होता. त्याच्याकडं न बघता मी म्हणाले, "येईन."

वहिनी आणि दादा घरी गेले. मी बाईंकडं गेले. त्या देवळातून आधीच निघून आल्या होत्या, दिवा लावून बसल्या होत्या.

"तांदूळ कोण निवडत होतं?" त्यांनी विचारलं.

"सासूबाई."

"आणि घड्याळ?"

"ह्यांचं."

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. का टाकली, ते सगळ्यांनी विचारलं होतं. निघालीस कशी, ते कुणी नाही. मी सांगितलं. स्वयंपाकघरात ह्यांनी आणलेली ती दुसरी कढईत फोडणी देत होती, त्याचा वास येत होता, तेही सांगितलं. मी बोलत होते आणि रडत होते, नाक पदराला पुसत होते, कुठला डोळा आधी ते काही बघितलं नाही.

माझं झाल्यावर बाई म्हणाल्या, "राजाच्या हातात घड्याळ दिलंस. शेवट सोडलास. अण्णांना तोंडघशी पाडलंस. चुकलीस."

"हो."

"आजवर माझं बरोबर म्हणायचीस. आज तुझं तू चुकलीस." त्यांनी दम खाल्ला, छातीवर हात धरून बसल्या. "आणि पूर्वरंगात दोनदा खोकलीस. मला दमा आहे. तुला काय झालंय?"

मला रडता रडता हसू आलं. बाईही हसल्या. मला वाटलं, आता सगळं ठीक झालं, उद्या दुपारी येऊन अंकलखोपचं काय लावायचं ते विचारू.

"उद्यापासून येऊ नकोस," बाई म्हणाल्या.

"का? रागावलात?"

"रागावले असते तर अजून चार वर्षं शिकवत बसले असते. तू इथं आलीस की माझ्यासारखी खोकणार, माझ्यासारखी हसणार. तुझं लागलेलं चार दिवसांत विझेल. नाही यायचं."

"बाई, नुसती येऊन बसेन. तालीम नाही करणार. भाजी निवडून देईन."

"नाही."

"मग मी दुपारी कुठं जाऊ?"

ते माझ्या तोंडून निघून गेलं, लहान पोरीसारखं. बाईंनी दिव्याची वात पुढं सारली. ती चांगली जळत होती, सारायची काही गरज नव्हती.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मी पण दुपारी कुठं जाणार आहे?"

बाहेर उत्सवाची माणसं पांगत होती, त्यांचे आवाज येत होते. शेवटी मी उठले, बाईंच्या पाया पडले आणि उंबऱ्याशी आले. सवयीनं तोंडातून निघालं, "येते."

"येते म्हणू नकोस," बाई आतून म्हणाल्या. "जाते म्हण."

"बाई! असं म्हणू नये."

"ठाऊक आहे मला. म्हण."

माझी जीभ रेटेना. लहानपणापासून कुणाच्या दारात मी तो शब्द उच्चारला नव्हता, त्या घरातून निघतानासुद्धा नाही. बाई उठून दाराशी आल्या. त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. त्यांनी माझ्या कपाळावरचा बुक्का बोटानं नीट केला.

"जाते," मी म्हणाले.

"जा," बाई म्हणाल्या.

त्यांनी दार लोटलं. आत कडी लागल्याचं ऐकू येईपर्यंत मी पायरीवर उभी राहिले, आणि मग निघाले.